हृद्रोग, पथ्य आणि रुग्णाची भाषा

१. विषय व त्याची मर्यादा

हृद्रोगाचा विचार हा वैद्यकशास्त्राचा विषय होय. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि या रोगाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याचा पहिला पुरावा बहुधा रुग्णाच्या वाक्यात असतो आणि त्याचा उपचार पुढे अनेक वर्षे डॉक्टरांच्या वाक्यावर चालतो. हाड मोडले तर ते दिसते, ताप हाताला लागतो. छातीतील दडपण मात्र दुसऱ्याला दिसत नाही. ते रुग्णाने सांगावे लागते, घरच्यांनी समजून घ्यावे लागते आणि डॉक्टरांनी नेमके ऐकावे लागते. पुढे रोग आवरून धरावयाचा तर रोज गोळ्या घेणे, मीठ व तेल मर्यादेत ठेवणे, तंबाखू सोडणे, नियमाने चालणे या सर्व गोष्टी रुग्णाने आपल्या घरात करावयाच्या असतात. तेथे डॉक्टर नसतो. त्याने सांगितलेला शब्द असतो. तो शब्द रुग्णाच्या मनात कोणत्या अर्थाने रुजला, यावर उपचाराचे यश पुष्कळसे अवलंबून राहते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने नागपुरातील महाल भागाच्या बोलीकडे पाहिले आहे. महाल म्हणजे जुने नागपूर. भोसल्यांचा वाडा, कल्याणेश्वराचे देऊळ, कोतवाली, बडकस चौक, चितारओळ ही त्याची परिचित स्थळे. १९५६ पर्यंत नागपूर ही प्रथम मध्यप्रांत-वऱ्हाडाची व नंतर तत्कालीन मध्यप्रदेशाची राजधानी होती. मराठी व हिंदी यांचा दीर्घ शेजार येथील बोलीच्या क्रियापदांतही उतरला आहे. या बोलीत आजार कसा सांगितला जातो आणि उपचार कसा समजला जातो, एवढाच येथील प्रश्न आहे. औषधयोजना ठरविणे हे अर्थातच डॉक्टरांचे काम.

२. अवयव आणि त्याची नावे

मराठीत हृदयासाठी शब्दांची वाण नाही. हृदय, काळीज, ऊर, छाती, जीव असे अनेक शब्द आहेत. परंतु त्यांची क्षेत्रे भिन्न आहेत. 'हृदय' हा तत्सम शब्द कवितेत, भाषणात, वर्तमानपत्रात व रुग्णालयाच्या पाटीवर आढळतो. दुखणे सांगताना तो सहसा कोणी वापरीत नाही. 'काळीज' हा शब्द भावनेच्या क्षेत्रात हृदयाचे काम करतो, पण मांसाच्या दुकानात काळीज मागणाऱ्यास यकृत मिळते. 'ऊर' भरून येतो, उरात धडकी भरते. म्हणजे तोही पुष्कळसा भावनेकडेच गेला आहे. दुखणे सांगावयाचे असले की 'छाती' हा शब्द येतो. छाती हा अवयव नव्हे, ते एक क्षेत्र आहे. त्यात हृदय, फुप्फुसे, अन्ननलिका, बरगड्या, स्नायू आणि बोलणाऱ्याच्या मनात पोटाचा वरचा भागही समाविष्ट असतो. यामुळे 'छातीत होते' हे वाक्य उच्चारताच त्याचे कारण कोणत्याही अवयवाकडे वळविता येते.

हीच गोष्ट 'नस' या शब्दाची. शास्त्राच्या भाषेत हृदयाकडून शुद्ध रक्त नेणारी ती रोहिणी, परत आणणारी ती नीला, संवेदना नेणारी ती मज्जारज्जूची शाखा, आणि स्नायूला हाडाशी जोडणारा तो स्नायुबंध. बोलीत या चारही वस्तूंना 'नस' म्हणतात. 'हृदयाची नस बंद झाली' आणि 'हाताची नस आखडली' ही दोन वाक्ये एकाच शब्दावर उभी आहेत. हृदयविकारात डाव्या हाताकडे, जबड्याकडे वा पाठीकडे कळ जाते तेव्हा 'नस आखडली असेल' असे म्हणून तेल चोळले जाते. चूक चोळणाऱ्याच्या बुद्धीची म्हणता येत नाही. भाषेने त्याला एकच शब्द दिला आहे.

प्राचीन वैद्यकात हृद्रोगाचा विचार नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १७ व्या अध्यायात हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज. या वर्गीकरणाची शास्त्रीय चर्चा येथे अप्रस्तुत आहे. मात्र 'वात' व 'पित्त' या शब्दांच्या आजच्या लौकिक अर्थाचा संबंध पुढील विवेचनाशी येतो.

३. वेदनेचे शब्द

१७६८ साली लंडन येथे विल्यम हेबर्डेन या वैद्याने हृदयशूलाचे जे वर्णन केले ते वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याने या व्याधीस दिलेल्या लॅटिन नावातील 'अँजायना' या शब्दाचा मूळ अर्थ गळा आवळणे, घुसमटणे असा आहे. चालताना, विशेषतः चढावर चालताना, छातीत घुसमट व्हावी आणि थांबताच ती नाहीशी व्हावी, हे त्याने नोंदविले. त्याच्या नावात वेदनेपेक्षा घुसमटीवर भर आहे, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

महालातील बोलीतही हीच निवड दिसते. 'छाती भरून आली', 'दडपण आल्यासारखं झालं', 'कोणी आवळून धरल्यासारखं वाटलं', 'जीव घाबरा झाला', 'कसंतरीच झालं' ही या व्याधीची नेहमीची वाक्ये होत. यांपैकी एकातही 'दुखणे' हे क्रियापद नाही. अशा रुग्णास 'छातीत दुखते का?' असे विचारले तर त्याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच येते. तो खोटे बोलत नाही. त्याला दुखत नाही, त्याची छाती भरून येते. ज्या प्रश्नातून निदान व्हावयाचे त्याच प्रश्नाने ते हुकते.

दुसरी अडचण क्रियापदाच्या रूपाची आहे. नागपुरी बोलीत चालू क्रिया दाखविण्यासाठी '-ऊन राहणे' ही रचना सर्रास वापरली जाते: 'तो जेवून राह्यला', 'पाऊस येऊन राह्यला'. प्रमाण मराठीत 'बसून राहणे', 'पडून राहणे' यांत स्थितीच्या दीर्घतेचा अर्थ आहे. नागपुरी रचनेचा अर्थ 'या क्षणी चालू आहे' एवढाच. म्हणून 'छातीत दुखते' आणि 'छातीत दुखून राह्यलं' या दोन वाक्यांत वैद्यकीय दृष्ट्या मोठे अंतर आहे. पहिले वाक्य सवयीचे, अधूनमधून होणाऱ्या व्याधीचे असू शकते. दुसरे या घटकेचे आहे. बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरला दुसरे वाक्य 'बरेच दिवस दुखत राहिले आहे' असे ऐकू येण्याचा संभव असतो. श्रम केल्यावर येणारा व विसाव्याने थांबणारा शूल आणि विसावा घेऊनही न थांबणारा शूल यांतील भेद हा उपचाराचा कणा आहे. बोलीने तो भेद क्रियापदातच ठेवला आहे. ऐकणाऱ्याने तो ओळखला पाहिजे.

तिसरी अडचण सर्वांत घातक होय. 'गॅस', 'ॲसिडिटी', 'पित्त झालं', 'वात धरला' हे शब्द घरोघर आहेत. रात्री झणझणीत जेवण झालेले असते, पहाटे छाती भरून येते, घाम सुटतो आणि घरचे ओवा, सोडा वा पित्ताची गोळी देतात. ती गोळी लागू पडेल म्हणून तासभर वाट पाहिली जाते, नंतर उजाडण्याची वाट पाहिली जाते. भारतातील ८९ केंद्रांतून सुमारे २०,००० रुग्णांची पाहणी करणारा 'क्रिएट' हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत लागणाऱ्या वेळेचा मध्यक ३६० मिनिटे, म्हणजे ६ तास, आढळला. रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळविणारे औषध मिळण्यास मात्र ५० मिनिटे लागत होती. विलंबाचा मोठा भाग रुग्णालयाबाहेरचा आहे. त्यात अंतर, पैसा व वाहन यांचा वाटा आहे, आणि शब्दाचाही आहे.

या ६ तासांचे मोल असे: हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या हृद्रोहिणीत गुठळी अडकली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. पहिल्या तासा-दोन तासांत ती रोहिणी मोकळी झाली तर बहुतेक स्नायू वाचतो. बारा तासांनंतर गुठळी विरघळविण्याचा लाभ फार थोडा उरतो. मेलेला स्नायू पुन्हा उत्पन्न होत नाही. यास्तव छातीतील दडपण १५-२० मिनिटे टिकले, त्याबरोबर घाम, धाप, मळमळ वा हात-जबड्याकडे जाणारी कळ असली, तर ते पित्त आहे की काय याचा निर्णय घरी करावयाचा नसतो. १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. महालातून मेयो वा मेडिकल या नावांनी ओळखली जाणारी शासकीय रुग्णालये फार दूर नाहीत. मधुमेही व वृद्ध रुग्णांत आणि कित्येक स्त्रियांत दडपणही ठळक नसते. नुसता थकवा, धाप किंवा पोटाच्या वरच्या भागी अस्वस्थता एवढेच चिन्ह असते. 'काही नाही, जरा गळाल्यासारखं झालं' असे म्हणून पुन्हा चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या गृहिणीचे वाक्य या दृष्टीने अधिक काळजीपूर्वक ऐकले पाहिजे.

४. 'झटका', 'हार्ट फेल' आणि 'ब्लॉक'

'झटका' या शब्दात आकस्मिकता आहे. झटका बसतो आणि जातो. त्याला पूर्वेतिहास नसतो. प्रत्यक्षात रोहिणीच्या भिंतीत मेदाचे थर साचण्याची क्रिया कित्येक दशके चाललेली असते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये ५,२०९ स्त्रीपुरुषांची पाहणी सुरू झाली आणि तिच्या आधारे १९६१ पासून 'जोखमीचे घटक' ही कल्पना वैद्यकात रूढ झाली. पुढे २००४ मध्ये ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासाने दाखविले की, तंबाखू, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्य यांच्याशी निगडित नऊ घटकांनी पहिल्या झटक्याच्या जोखमीचा बहुतांश भाग स्पष्ट होतो. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतरांना ५९ च्या सुमारास आल्याचे दिसले. कर्ता पुरुष घर चालवीत असतो त्याच वयात हा आघात येतो. 'झटका' हा शब्द हा सारा पूर्वेतिहास झाकून टाकतो.

'हार्ट फेल' या शब्दाचा प्रवास आणखी वेगळा आहे. बोलीत 'हार्ट फेल होऊन गेले' याचा अर्थ एकाएकी मृत्यू झाला असा आहे. वैद्यकात मात्र हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाचे रक्त ढकलण्याचे बळ कमी होणे. ही वर्षानुवर्षे चालणारी व उपचारास प्रतिसाद देणारी अवस्था आहे. कागदावर हे निदान वाचून घरचे हताश होतात, किंवा 'माणूस तर समोर बसला आहे' म्हणून निदानच खोटे मानतात. दोन्ही प्रकारांत उपचार मागे पडतो. 'हृदयाची दुर्बलता' हा शब्द येथे अधिक उपयोगी पडेल. दुर्बलतेला आधार देता येतो, हे कोणत्याही मराठी भाषकास समजते. या अवस्थेत पायांवर सूज, आडवे पडताच धाप, उशा वाढवाव्या लागणे ही चिन्हे सांगण्यासारखी असतात. रोज सकाळी वजन करून तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढ झाल्यास डॉक्टरांना कळविणे हा साधा नियम पुष्कळ रुग्णांचे रुग्णालयात पुन्हा जाणे टाळू शकतो.

'ब्लॉक निघाले', 'नळी साफ केली' ही वाक्ये नळकामाच्या क्षेत्रातून आली आहेत. १९७७ मध्ये आंद्रेयास ग्रुंत्झिग याने झुरिक येथे हृद्रोहिणीत फुगा नेऊन ती रुंद करण्याची पहिली क्रिया केली. आज तीव्र झटक्यात ही क्रिया प्राण वाचविते, यात संशय नाही. परंतु स्थिर हृदयशूलाची गोष्ट वेगळी आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते; डाव्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा असलेल्यांना त्यातून वगळले होते. निम्म्यांना औषधे व पथ्य, निम्म्यांना त्याबरोबरच फुगा वा बायपासचा मार्ग नेमला होता. तीन वर्षांहून काहीशा अधिक काळात झटके व मृत्यू यांत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक पडला नाही. शूल कमी होण्यास मात्र दुसऱ्या मार्गाची अधिक मदत झाली. 'नळी साफ केली' या वाक्याने रुग्णास वाटते की काम संपले. वस्तुतः मेदाचे थर सर्व रोहिण्यांत असतात आणि बसविलेल्या जाळीत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने अखंड घ्याव्या लागतात. त्या मध्येच सोडणे हे जाळी बंद होण्याचे एक प्रमुख कारण आहे.

५. 'बरे होणे' आणि 'आटोक्यात असणे'

'मला बीपी आहे' हे वाक्य आता मराठीचे झाले आहे. वस्तुतः रक्तदाब प्रत्येकास असतो. मोजमापाचे नाव रोगाचे नाव बनले. त्याचा परिणाम पुढील नमुन्याच्या संवादात दिसतो:

'काकाजी, गोळी घेता ना रोज?'

'घेतो ना. बीपी वाढलं की घेतो.'

'वाढलं हे कसं कळतं?'

'डोकं जड होते ना.'

वाढलेला दाब बहुधा जाणवत नाही, ही त्याची खरी भीती आहे. परंतु 'आहे-नाही' या भाषेत बोलले की, जाणवले नाही तेव्हा तो 'नाही' असे ठरते. गोळीने दाब १३० वर आला की 'नॉर्मल झालं' म्हणून गोळी थांबते. गोळी चालू होती म्हणून दाब उतरला, हा कार्यकारणभाव 'झालं' या भूतकाळी क्रियापदात हरवतो.

याच ठिकाणी 'लागणे' या क्रियापदाचाही विचार करावयास हवा. मराठीत भूक लागते, धाप लागते, नाद लागतो, दारू लागते, तंबाखू लागते. 'गोळी लागली' या वाक्यात गोळी आपोआपच व्यसनांच्या रांगेत जाऊन बसते, आणि 'एकदा लागली की सुटत नाही' ही भीती गोळी सुरू होण्यापूर्वीच निर्माण होते. व्यसनाची वस्तू सोडली की शरीर सुधारते, तर रक्तदाबाची गोळी सोडली की रोग मोकळा होतो. क्रियापद एकच असल्याने ही उलट दिशा ध्यानात येत नाही. डॉक्टरांनी 'ही गोळी लागेल' याऐवजी 'ही गोळी ठेवावी लागेल' किंवा 'हिच्या आधाराने दाब धरून ठेवायचा आहे' असे म्हटले तर हा गैरसमज पुष्कळ कमी होईल.

या गोळ्यांचे मोल संशयातीत आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७,१८७ रुग्णांच्या 'आयसिस-२' या अभ्यासात झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या महिनाभराच्या ॲस्पिरीनने पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. १९९४ मधील ४,४४४ रुग्णांच्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात सिम्व्हास्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. रक्तदाबाच्या बाबतीत २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात नागपूरच्या शेजारचे भंडारा व वर्धा हे जिल्हे होते. ठरीव औषधक्रम, दाबाची नोंद आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी ही त्याची सूत्रे होत. त्यातील तिसरे सूत्र सर्वस्वी संभाषणाचे आहे.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी व पिवळी मारबत निघते. शतकाहून अधिक काळ चाललेल्या या मिरवणुकीत मारबतीने रोगराई आपल्याबरोबर गावाबाहेर न्यावी, अशी आरोळी दिली जाते. पटकी, देवी, प्लेग यांच्या काळात रोग बाहेरून येतो व बाहेर घालविता येतो ही कल्पना अनुभवास धरून होती. हृद्रोग बाहेरून येत नाही आणि गावाबाहेर जातही नाही. तो घरात राहतो, म्हणून त्याच्यासाठी 'घालविणे' किंवा 'बरे होणे' यापेक्षा 'सांभाळणे' हे क्रियापद योग्य होय. मराठीत शेत सांभाळतात, घर सांभाळतात, वडीलधाऱ्यांना सांभाळतात. या क्रियापदात रोजचेपणा आहे, कर्ता आहे आणि निराशा नाही.

६. 'पथ्य' या शब्दाची व्याप्ती

पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.४.९२) धर्म, पथिन्, अर्थ व न्याय या शब्दांपासून 'त्यापासून न ढळलेले' या अर्थी धर्म्य, पथ्य, अर्थ्य, न्याय्य हे शब्द सिद्ध केले आहेत. म्हणजे पथ्य म्हणजे मार्गास सोडून नसलेले. या अर्थात आहार, विहार, निद्रा, औषध हे सर्व येते. मराठीत 'पथ्यावर पडणे' या वाक्प्रचारात हितकारक हा व्यापक अर्थ अद्याप जिवंत आहे. परंतु एकटा 'पथ्य' हा शब्द आता 'काय खाऊ नये' एवढ्यावर आला आहे, आणि त्याला मुदतही चिकटली आहे. कावीळ झाली, गोवर आला, बाळंतपण झाले की पथ्य असते. काही दिवसांनी ते 'सुटते'.

हृद्रोगात रुग्णास जो मार्ग धरावयाचा असतो त्यासाठी 'जीवनशैलीतील बदल' असा शब्द आता छापला जातो. तो चुकीचा नाही, पण रुग्णाच्या तोंडी बसत नाही. 'पथ्य' हा शब्द त्याच्या तोंडी आहे. त्याची जुनी व्याप्ती त्याला परत द्यावयास हवी. चालणे हे पथ्य, झोप हे पथ्य, गोळीची वेळ हेही पथ्य, आणि हे पथ्य सुटणारे नाही. १९५३ मध्ये जेरी मॉरिस याने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील बसून राहणाऱ्या चालकांत, दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांपेक्षा हृद्रोग अधिक असल्याचे दाखविले, तेव्हापासून चलनवलन हा उपचाराचाच भाग मानला जातो. आठवड्यास एकूण १५० मिनिटे भरभर चालणे ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची किमान मर्यादा होय. झटक्यानंतर किती व केव्हा चालावे हे डॉक्टरांनी ठरवावे. भारतातील २४ रुग्णालयांत सुमारे ४,००० रुग्णांवर झालेल्या योगाधारित पुनर्वसनाच्या अभ्यासात (२०२०) मृत्यू व पुनरागत झटके यांत निश्चित फरक सिद्ध झाला नाही. मात्र रुग्णांना आपले आरोग्य अधिक बरे वाटले व ते पूर्वीच्या कामास अधिक प्रमाणात लागले. योग हा औषधाच्या जागी नव्हे तर जोडीला ठेवावयाचा, असा याचा निष्कर्ष आहे. अर्जुनसालीसारख्या परंपरागत द्रव्यांनाही हाच न्याय लागू करावा.

७. महालातील पथ्य

पथ्य सांगणाऱ्याने स्थानिक वस्तूंची स्थानिक नावे घेतली पाहिजेत. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नास महालात 'नाही' असे उत्तर येऊ शकते, कारण तो 'खर्रा' खातो. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा बोलणाऱ्याच्या दृष्टीने तंबाखूहून वेगळा पदार्थ आहे. दात घासण्याची मिश्री तर त्याच्या लेखी पदार्थच नव्हे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. खर्रा हाताने घोटला जात राहिला. 'इंटरहार्ट'च्या २००६ मधील अहवालात चघळण्याच्या तंबाखूने झटक्याची जोखीम दुपटीहून अधिक वाढल्याचे नमूद आहे. म्हणून 'विडी, सिगारेट, खर्रा, मिश्री यांपैकी काय?' असा नामवार प्रश्न अवश्य आहे.

'मीठ कमी करा' या आज्ञेचीही अशीच गत होते. रुग्ण वरून मीठ घेणे सोडतो. पण लोणचे, पापड, कुरड्या, ठेचा, शेव यांना तो मीठ समजत नाही. कित्येक घरांत साध्या मिठाच्या जागी सैंधव येते. उपासाला चालते म्हणून ते पथ्याचे, असा हा अर्थविस्तार आहे. सैंधवही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड होय. दिवसास ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा, ही मर्यादा सर्व रूपांतील मिठास धरून आहे.

तर्री-पोह्यांवरील तर्री, सावजी रस्सा, गोळाभातावर ओतलेली फोडणी ही येथील खाद्यसंस्कृतीची ओळख आहे. हलबा कोष्टी समाजाच्या घरातून निघालेला सावजी रस्सा आज साऱ्या नागपूरचा झाला आहे. तो कायमचा वर्ज्य करण्याची आज्ञा क्वचितच पाळली जाते. तर्री बाजूला काढावी, रस्सा सणापुरता ठेवावा, ही आज्ञा पाळण्याजोगी आहे. येथील रोजच्या जेवणात हिताचेही पुष्कळ आहे: ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, आंबाडीची भाजी, बेताने मीठ घातलेली जवसाची चटणी, हंगामातील संत्रे. पथ्य सांगताना वर्ज्य वस्तूंबरोबर या वस्तूंची नावे उच्चारली तर पथ्य परके वाटत नाही. शिवाय पथ्याचे ताट वेगळे वाढले की रुग्ण पंगतीतून उठविल्यासारखा होतो. मुलांनाही वारशाने तीच जोखीम आलेली असते. म्हणून घरातले तेल-मीठ सर्वांसाठीच उतरविणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

उन्हाळा हा येथील स्वतंत्र प्रश्न आहे. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा मीठ घातलेले ताक व पन्हे हा परंपरेचा उपाय असतो. पण हृदयाच्या दुर्बलतेत मीठ व कधी पाणीही मोजून घ्यावे लागते. उलट लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याचे पाणी उन्हात वेगाने कमी होऊन चक्कर येते. अशा वेळी परंपरेचा व डॉक्टरांचा शब्द एकमेकांस छेद देतात आणि रुग्ण बहुधा स्वतःच गोळी थांबवितो. उन्हाळा लागण्यापूर्वी डॉक्टरांस भेटून मात्रा विचारून घेणे हेही पथ्यातच धरले पाहिजे. सकाळचे चालणेही त्या दिवसांत चिटणीस पार्कात किंवा गांधीसागराच्या काठी ऊन चढण्यापूर्वीच आटोपणे इष्ट.

८. उपसंहार

पारिभाषिक शब्दांचे काम नागपुरास नवे नाही. डॉ. रघुवीर यांनी याच नगरात ते मोठ्या प्रमाणावर चालविले आणि १९५५ मध्ये त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात १९६० पासून भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले. या कोशांची दिशा शास्त्राकडून भाषेकडे आहे: शास्त्रातील संकल्पना घ्यावयाची व तिला शब्द द्यावयाचा. उलट दिशेचे, म्हणजे रुग्णाच्या तोंडचा शब्द घेऊन त्याचा वैद्यकीय अर्थ शोधण्याचे काम कोशकारांच्या कक्षेबाहेरच राहते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे अभ्यासाची विस्तृत भूमी आहे. 'भरून येणे', 'घाबरणे', 'कसंतरी होणे' या क्रियापदांचे वय, लिंग व वस्तीनुसार संकलन. '-ऊन राहणे' या रचनेचा रुग्णकथनातील उपयोग. 'लागणे', 'सुटणे', 'बसणे' या क्रियापदांचे औषधांशी जुळलेले अर्थ. हलबी व हिंदी भाषकांच्या मराठीतील पर्यायी शब्द. असे अनेक विषय सुचविता येतील. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून येथे आहे. त्याच्या अध्यापकांच्या सहकार्याने रुग्णांची संमती घेऊन असे संकलन झाले तर त्यातून दोन पानांची एक प्रश्नावली सिद्ध होऊ शकेल. तिच्यात 'छातीत दुखते का?' या प्रश्नाच्या आधी 'छाती भरून येते का, आवळल्यासारखे होते का, चालल्यावर होते की बसल्याबसल्या, आता होऊन राह्यलं का?' हे प्रश्न असतील. 'गोळी चालू आहे का?' याऐवजी 'गेल्या सात दिवसांत किती दिवस घेतली?' हा प्रश्न असेल. अशी प्रश्नावली बाह्यरुग्ण विभागातील नवख्या डॉक्टरच्या हाती आली, तर 'दुखत नाही' असे खरे उत्तर देणारा रुग्ण पित्ताची गोळी घेऊन घरी परतण्याचे प्रसंग कमी होतील.